साखरपुडा, मिसरी आणि परतीची पुडी



या मालिकेत किल्ले येतात, शिलालेख येतात, लढाया येतात. आजचा विषय त्यांच्यापुढे पुडीएवढा आहे, अगदी शब्दशः. लग्नाला आलेला पाहुणा निघताना त्याच्या हातात काय द्यायचं, ते घरी केलेलं असावं का, आणि त्याला त्याचा काही उपयोग व्हावा का, एवढाच प्रश्न. हल्ली याला ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की ही टूम नवी आहे, मुलांच्या वाढदिवसांतून लग्नात शिरलेली. शब्द नवा आहे, ते खरं. चाल मात्र फार जुनी आहे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात तिला एक वेगळं वळण मिळालं. ते वळण आज सांगायचं आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघा. साखरपुडा. हळदीकुंकू. पानसुपारी. ही समारंभांची नावं आहेत, पण यांत विधीचं नाव कुठे आहे? आलेल्याच्या हातात काय पडलं, त्यावरून आपण समारंभाला नाव दिलं. शास्त्राप्रमाणे साखरपुड्याला वाङ्निश्चय म्हणतात. छापील पत्रिकेबाहेर कोण म्हणतं? एकोणिसाव्या शतकात कोणाला मोठी नेमणूक मिळाली, कोणी विलायतेहून परत आलं, की त्याच्या सन्मानार्थ ‘पानसुपारी’ होत असे. भाषणं तासभर चालली तरी नाव पानसुपारीचंच. म्हणजे परतीची वस्तू ही समारंभाची शेपटी नव्हे. कित्येकदा समारंभाची ओळखच तिच्यावरून ठरली.

आता साखरच का? आज साखर कोणी भेट म्हणून देईल का? हसाल तुम्ही. पण रोजच्या स्वयंपाकात गूळ होता तेव्हा साखर ही सणावाराची, महागाची चीज होती. ती कागदाच्या शंकूत बांधून मुलीच्या हातात द्यायची, आलेल्यांना थोडी थोडी वाटायची. सोयरीक ठरली याची साक्ष म्हणजे ती साखर. ज्यांनी खाल्ली ते साक्षीदार! पुढे 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, मग महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली, आणि साखरेची ऐट गेली. पुड्यात पेढे आले, चॉकलेटं आली. नाव तेवढं राहिलं.

आता इथली गोष्ट. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, तिच्या बराकी, आणि त्यांत फाळणीनंतर सिंधहून आलेली लाखभर माणसं. पाच कॅम्प. एकेका बराकीत गोणपाटाचे आडोसे करून कुटुंबं राहिली. ही मंडळी घरदार, जमीनजुमला मागे टाकून आली होती, पण सोयरीक जमवण्याची रीत बरोबर घेऊन आली. सिंधी घरात लग्न ठरतं त्याला काय म्हणतात? मिसरी. आधी कच्ची मिसरी, मग पक्की मिसरी. मिसरी म्हणजे खडीसाखर. पक्क्या मिसरीला खडीसाखरेने भरलेलं मडकं येतं. म्हणजे रुळाच्या एका बाजूला साखरपुडा आणि दुसऱ्या बाजूला मिसरी. दोन भाषा, दोन प्रांत, आणि सोयरिकीचं नाव दोघांकडे साखरेवरून.

इटलीतही लग्नाच्या पाहुण्यांना साखरेत घोळवलेले बदाम देतात, पाच मोजून, छोट्या डबीत किंवा जाळीच्या पुरचुंडीत. तिथेही साखर महाग होती तेव्हाची ती चाल. तेव्हा ही काही आपल्याच पूर्वजांची अक्कल, असं छातीठोकपणे म्हणायला जागा नाही.

हा झाला एक धागा. दुसरा जरा कडू आहे. तो म्हणजे मान.

1780च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं. नाना फडणविसांच्या देखरेखीखाली त्याच्या तपशीलवार याद्या झाल्या आणि त्या टिकल्या. पंगती कशा, व्यवस्था कोणाकडे, कोणाचा मान कसा राखायचा, सगळं लिहून ठेवलेलं. दरबारी लग्नात देणंघेणं पायरीप्रमाणे होतं. सरदाराला एक, कारकुनाला दुसरं. हे राजवाड्यातच होतं असं समजू नका. आपल्या घरांतल्या लग्नातही विहिणीची साडी वेगळी, मावशीची वेगळी, आणि चुलत चुलत नात्यातल्या बाईला नुसता खण. त्यावरून झालेले रुसवे वीस-वीस वर्षं टिकलेले तुम्हाला माहीत आहेत. प्रत्येक घरात आहेराची वही असायची, काही घरांत अजून आहे. कोणी काय दिलं ते लिहायचं, म्हणजे त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढंच, जमलं तर थोडं चढतं, परत करायचं. स्टीलची भांडी आल्यावर तर दुकानदार मशीनने देणाऱ्याचं नाव आणि तारीख भांड्यावरच कोरून देऊ लागला. रोज आमटी वाढताना पातेल्यावर ‘अमुक यांजकडून सप्रेम भेट’. विसरायची सोयच नाही.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी 1925 साली भेटवस्तूंवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्याचं सार असं, की भेट वरून ऐच्छिक दिसली तरी देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही समाजाने लादलेली कर्तव्यं असतात. आपल्या आजीला हे निबंध न वाचता ठाऊक होतं.

तर पाहुण्याला परत द्यायच्या वस्तूच्या या दोन परंपरा. एक मानाची, पायरी दाखवणारी. दुसरी पुडीची, ज्यात सगळ्यांना सारखंच. पुडीची परंपरा गरिबाची म्हणून दुबळी, असं मी मानत नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पानसुपारीपलीकडे फारसा खर्च नसलेलं लग्न! भटजी नाही, मानपान नाही, आलेल्या प्रत्येकाला पान आणि सुपारी. ती पानसुपारी हीच तिथली परतीची भेट, आणि ती सगळ्यांना एक होती यात तिचा सगळा अर्थ होता.

आता आपल्या पट्ट्याकडे परत येऊ. माझं म्हणणं असं, की या तीन गावांत मानाची परंपरा ढिली पडली आणि पुडीची वर आली. का? तर इथे कोणालाच शेजाऱ्याचा मान ठाऊक नव्हता.

बदलापूरचं बघा. ना. गो. चापेकरांनी 1933 साली ‘आमचा गाव बदलापूर’ हे पुस्तक काढलं. चापेकर न्यायखात्यातले, पुढच्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका खेड्याची माणसं, धंदे, चालीरीती, शब्द अशी बारकाईने नोंद करण्याचं ते मराठीतलं फार लवकरचं काम. ज्या गावाची अशी नोंद एका माणसाच्या हातून होऊ शकते, तिथे कोण कोणाचा कोण लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे मान मोजता येतो. तेच कुळगाव-बदलापूर 2011च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. परळ-लालबाग, डोंबिवली, कोकण, घाट, खानदेश, कुठून कुठून माणसं आली. सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंना करवलीच्या मानाची साडी द्यायची की नाही, कोण ठरवणार?

अंबरनाथला हे आधी झालं. 1919मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचा रसायनांचा कारखाना आला, मग विमकोची आगपेटी आली, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी वाढली. क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून तामिळ, मल्याळी, उत्तर भारतीय आणि मराठी कुटुंबं राहू लागली. पाळीला बरोबर जाणारा माणूस लग्नाला येणारच, पण तो तुमच्या वहीत कुठल्या पानावर लिहायचा? आणि उल्हासनगरच्या बराकीत तर सिंधमधला जमीनदार आणि त्याच्याच गावचा किरकोळ दुकानदार एका नळावर उभे होते. जुना मान सांगून रेशन जास्त मिळत नव्हतं.

अशा वस्तीत एकच गोष्ट चालते. सगळ्यांना सारखी पुडी.

त्यात सरकारचाही हात होता. 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं. युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही. किती पाहुण्यांना जेवण घालायचं यावर हुकूम निघाले; 1960च्या दशकातही असे निर्बंध होते. त्या काळातल्या लग्नांची आठवण काढा, किंवा घरच्या मोठ्यांना विचारा: पंगत नाही, आइस्क्रीम आणि नमस्कार. पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ तिथून पुढे रुळली. आणि जेवण घालता आलं नाही तर पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग लाडू-चिवड्याची पुडी. घरच्या बायकांनी दोन रात्री बसून बांधलेली, वर्तमानपत्रात नाहीतर पातळ कागदात, वर दोरा. पंगतीची ती भरपाई होती. मला स्वतःला वाटतं, मराठी मध्यमवर्गीय लग्नाने शोधलेली ही सगळ्यात शहाणी वस्तू असावी. पोटात जाते, वहीत चढत नाही, आणि डोंबिवलीच्या पुढे लोकल उशिरा आली तर भूक भागवते!

यावर रुखवताचं काय, असं कोणी विचारेल. रुखवत मुळात खाण्याचंच. वधूपक्षाने जानवसघरी नवरदेवाकडे नेलेले पदार्थ. पुढे त्याचं प्रदर्शन झालं: लोकरीचा कुत्रा, मण्यांचं तोरण, थर्माकोलचं मंदिर, साखरेचे किल्ले. संसारोपयोगी म्हणून मांडलेल्या वस्तूंपैकी संसाराच्या उपयोगी किती पडल्या, हा संशोधनाचा विषय आहे. उपयोगाची वस्तू शोभेची कशी होत जाते, ते रुखवतात बघावं. परतीच्या भेटीचंही पुढे तेच झालं. स्टीलची वाटी, मग प्लॅस्टिकची डबी, मग चिनी मातीचा गणपती. उल्हासनगर यात मागे नव्हतं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. विनोदात टोमणा आहे, पण बराकीतून उभ्या राहिलेल्या कारागिरीची पावतीही आहे. स्वस्तात, हजारांच्या संख्येने, वाटायची वस्तू हवी तर इथे मिळायची.

मग 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. बंदीचं पुढे काय झालं ते सोडा, पण कापडी पिशवी लग्नात परत आली. गजानन मार्केट आणि जपानी बाजार जवळच. कटपीस, जीन्सच्या कारखान्यांतली उरलेली कापडं हाताशी. आज पत्रिकेबरोबर येणाऱ्या सूचना बघा: ‘घरगुती मसाला’, ‘हाताने शिवलेली पिशवी’, ‘पर्यावरणपूरक’. घरगुती हा शब्द पुन्हा मोलाचा झाला.

इथे मला थोडं थांबायचं आहे. घरगुती म्हणजे कोणाच्या घरचं?

पूर्वी उत्तर सोपं होतं. लग्नाच्या आधी मुहूर्त करायचा, घाणा भरायचा. जात्याला, मुसळाला आंब्याची पानं बांधायची, सुवासिनींनी हळद कुटायची, सांडगे-पापड घालायचे, गाणी म्हणायची. भावकीतल्या, आळीतल्या बायका यायच्या. काम फुकट होतं, पण परतफेडीचं होतं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कोणी किती लाटले हे सगळ्यांना दिसत होतं. आपल्याच भागात आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण असते. तिच्या कामाला नाव आहे, मांडवात जागा आहे.

कॅम्पात हे काम बाजारात आलं. सिंधी घरात पाहुण्यासमोर पापड आणि पाणी ठेवायची रीत. तोच पापड, तीच लोणची, तीच वडी बराकीतल्या बायका विक्रीसाठी करू लागल्या, कारण हाताशी दुसरं भांडवल नव्हतं. घरातले पुरुष आणि पोरं लोकलमध्ये किरकोळ माल विकत. पाहुणचाराची वस्तू पोट भरायचं साधन झाली. तिकडे गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली; त्यांचा लिज्जत आज सगळ्यांना माहीत आहे. सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड आणून द्यायचे. फरक लक्षात घ्या: तिथे लाटणारी ही मालकीण मानली गेली, बहीण म्हणून नफ्यात वाटा.

सगळीकडे तसं झालं नाही. आज तुम्ही तीनशे ‘घरगुती’ पुड्यांची ऑर्डर देता, ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी घरीच पुरी होते. दहा बाय दहाच्या खोलीत, दुपारी, मुलं शाळेत गेल्यावर. पीस रेटवर. जीन्सचे धागे कापायचं काम करणारी बाईच सीझनला पिशव्यांना नाडी ओवते. वीज तिची, जागा तिची, पाठदुखी तिची. 1996 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या कामाबद्दल 177 क्रमांकाचा करार केला: घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांसारखी वागणूक मिळावी. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. 2008च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात अशा कामगाराची व्याख्या आली. व्याख्या आली, हे खरं.

साधा हिशोब करून बघू. पंधरा बाय वीस सेंटिमीटरची नाडीची पिशवी. खाली घडी येईल असा सतरा बाय सेहेचाळीसचा तुकडा लागतो. एकशे दहा सेंटिमीटर पन्ह्याच्या एका मीटरमध्ये बारा बसतात; तीनशेला पंचवीस मीटर कापड. हे पैसे कोणीही काढेल. आता वेळ. कापणं, शिवणं, नाडी ओवणं मिळून एका पिशवीला सहा मिनिटं धरा, म्हणजे हात बसलेला आहे असं धरा. तीनशेला तीस तास. पिशवीमागे जो दर ठरला, त्याला दहाने गुणा. ती तिची तासाची कमाई. तो आकडा मनात धरून मग कॅटररचं बिल बघा. मी आकडा सांगत नाही, तुम्ही तुमचा काढा.

आणि कुटुंबातच करायचं ठरवलं तर? तीस तास कोणाचे? बहुतेक घरांत नवऱ्यामुलीच्या आईचे आणि काकूचे, तेही लग्नाच्या आदल्या पंधरवड्यात. मुलाकडच्या पुरुषांनी नाडी ओवायला काही हरकत नाही. नाडी ओवायला सुवासिनी लागत नाही. (हशा)

शेवटी श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: ‘मे महिन्यात बदलापूरला लग्न आहे, तीनशे माणसं, घरी करता येईल असं काय द्यावं?’ इतिहासाच्या व्याख्यानात हा प्रश्न मला आवडला. पापड देऊ नका. पापड एप्रिलच्या उन्हात उत्तम वाळतो, पण पिशवीत घालून लोकलच्या गर्दीत नेला की घरी पोचेपर्यंत चुरा होतो. मेतकूट द्या. माणशी पन्नास ग्रॅम म्हणजे पंधरा किलो. डाळी, तांदूळ, गहू आधी भाजलेले असतात, त्यामुळे कोरडं ठेवलं तर पावसाळा ओलांडून टिकतं. भाजणं दोन-तीन दिवसांत वाटून घ्या, एकदम पंधरा किलोच्या मागे लागू नका. गिरणीवाल्याला आधी सांगा; मिरची दळल्यावर लगेच तुमचं दळू देऊ नका. दळून आणल्यावर परातीत पसरून पूर्ण गार करा, नाहीतर पुडीत घाम धरतं आणि गुठळ्या होतात. कापडी पिशवीत थेट भरू नका, आत बटर पेपरची पुडी करा. पिशवी पुढे भाजीवाल्याकडे सुटे पैसे ठेवायला होते. चिठ्ठीवर दळल्याची तारीख लिहा, आणि नवरा-नवरीच्या नावाखाली थोडी जागा ठेवा. पिशव्या बाहेरून शिवून घेतल्यात तर शिवणारीला विचारून तिचं नाव तिथे घाला. नाव घालू नका म्हणाली तर नका घालू, पण दर ठरवताना ते तीस तास तिच्यासमोर मांडा.